सतरा बंद मोबाइल

माझ्या डोक्याबद्दल आमच्या गावात दुमत नाही. ते गरम आहे. सातवीत असताना फळ्यावर चुकीचं गणित मांडणाऱ्या मास्तरांच्या हातातून मी खडू काढून घेतला होता, ती गोष्ट सिहोऱ्याच्या बाजारात अजून सांगतात. त्यामुळे ही पोरगी पुण्यात राहून जगातल्या सगळ्यांत थंड वस्तूवर संशोधन करते हे कळलं, तेव्हा आमच्या शेजारची गोदावरीकाकी पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं, पण हसले नाही.

काम काय, ते मी मायला एकदा चुलीपाशी बसून सांगितलं होतं. हवा पार काढून टाकलेली काचेची एक लहानशी पेटी असते. तिच्यात रुबिडियम नावाच्या धातूचे थोडेसे अणू सोडायचे आणि लेझरच्या प्रकाशानं त्यांना अधांतरी धरून ठेवायचं. ऊब म्हणजे अणूंची धावपळ, दुसरं काही नाही. धावपळ कमी होत गेली की थंडी वाढत जाते. आता प्रत्येक अणू थोडा लाटेसारखाही वागतो, आणि जितका थंड तितकी त्याची लाट ऐसपैस होते. अगदी टोकाच्या थंडीत या लाटा एकमेकींत मिसळतात आणि हजारो अणूंची मिळून एकच लाट होते. त्यातला हा कोणता, तो कोणता, हे विचारण्यात अर्थच उरत नाही. सगळ्या जातीच्या अणूंना हे जमत नाही. बोस यांच्या नावावरून ज्यांना बोसॉन म्हणतात, त्यांनाच जमतं.

माय ऐकत होती. भाताची पेज ओतून झाल्यावर तिनं एकच विचारलं, एवढे एकत्र येऊन मग ते करतात काय? मी रागानं उठून गेले.

खरी अडचण शेवटच्या टप्प्यात होती. लेझरनं अणू थंड होतात, पण पुरेसे नाही. पुढचं काम बशीतल्या चहासारखं आहे. सगळ्यांत गरम असतं ते वाफ होऊन निघून जातं, आणि उरलेला चहा निवतो. आम्ही प्रकाशाचा सापळा हळूहळू उथळ करत नेतो. सगळ्यांत चपळ अणू काठावरून निसटतात, जाताना जास्तीची ऊब घेऊन जातात, आणि मागे राहिलेले एकमेकांवर आपटत उरलेली ऊब वाटून घेतात. असं करत करत एकरूप व्हायला हवं होतं. माझे अणू फेब्रुवारीपासून नुसते संपून जात होते. संगणकावर एक गोल धुरकट डाग दिसायचा, मग फिकट डाग, मग कोरी चौकट.

आणि मुदत संपत आली होती. आमची प्रयोगशाळा जुलैच्या शेवटी नव्या इमारतीत हलणार होती. शनिवारी संध्याकाळी पाचला यंत्र बंद होणार आणि सोमवारी टेबलावरचे चारशे आरसे एकेक करून उतरणार. ते पुन्हा जागेवर बसवायला वर्ष गेलं असतं. माझ्या नोंदणीची मुदत डिसेंबरपर्यंत होती आणि वाढवून मिळणार नव्हती. शनिवारी पाचपर्यंत जमलं तर पीएचडी, नाही तर पाच वर्षांची मेहनत पाण्यात.

अशात माय धुऱ्यावरून घसरली. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, आणि जुलैमध्ये त्यावरून कोणीही घसरतं. तिचा घोटा मोडला. बाबा चिखल्याला खाणीत, आठवड्यातून एकदा घरी येणारे. वाफ्यातले धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायला आलेले, आणि दोन एकरांची रोवणी तशीच पडलेली. मी आले. एरवी कडक असलेल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी कुरकुर न करता परवानगी दिली, कारण आमचं यंत्र लांबून संगणकावर चालवता येतं. तिथं लेझरकडे बघायला माझा सोबती भूपेंद्र होता. मी इथून आकडे पाठवायचे, यंत्र चाळीसेक सेकंदांत एक खेप पूर्ण करणार आणि फोटो मला पाठवणार.

रोवणीची सोय मी करायच्या आतच झाली होती. माय वर्षानुवर्षं ज्यांच्या ज्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकली, त्या सगळ्या बायांनी ठरवून टाकलं होतं की उषाबाईची रोवणी इर्जिकीनं करायची. इर्जिकीला मजुरी नसते. त्या दिवशी जेवण घालायचं आणि नंतर ज्याच्या त्याच्या शेतात जाऊन फेड करायची. ती फेड दुसऱ्याकरवी चालत नाही, घरातल्या कोणी तरी स्वतः वाकावं लागतं. दिवस कोणता ठरला, तर शनिवार. मी कपाळाला हात लावला.

शनिवारी पहाटे उठून मी पातोडीचा रस्सा आणि भात रांधला. नेट घरात येत नाही, आमच्या बांधीला लागून असलेल्या तलावाच्या पाळीवर येतं. तिथं मोहाच्या झाडाखाली मी बाज टाकली आणि लॅपटॉप उघडला. खाली धुऱ्यावर दुसऱ्या बाजेवर माय, प्लास्टरचा पाय उशीवर. समोर सतरा बाया चिखलात उतरल्या. प्रत्येकीच्या कमरेला प्लास्टिकच्या पिशवीत मोबाइल, आणि प्रत्येकीच्या मोबाइलवर वेगळं गाणं. एकीचं भजन, दुसरीचं लग्नातलं, तिसरीचं कुठल्या तरी सिनेमातलं. ज्या त्या बाईचा हात आपापल्या गाण्यावर चालला होता. गोदावरीकाकीची सून खुशबू तर सगळ्यांच्या चार हात पुढं जायची आणि तिथं उभी राहून मागच्यांना हाका मारायची. ओळ अशी वाकडीतिकडी झाली होती की मायला बघवत नव्हतं.

माझ्याकडे त्याहून वाईट चाललं होतं. चार गावांना मिळून एक टॉवर. एक फोटो यायला वीस-वीस मिनिटं लागत होती, आणि आला तरी त्यात तोच फिकट डाग. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत माझ्या नऊ खेपा झाल्या. नीट नेट असतं तर दोनशे झाल्या असत्या.

जेवताना मी गोदावरीकाकीला म्हणाले की नेट पुरत नाही. एवढंच म्हणाले. ती गोष्ट पंगतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. हात धुऊन मी पाळीवर परतले आणि पाहते तो लॅपटॉपचा पडदा जागचा हलायला तयार नाही. फोटो नाही, भूपेंद्रचा निरोप नाही, काहीच नाही. खाली पाहिलं. मोहाच्या मुळाशी, एका खताच्या रिकाम्या पोत्यावर, सतरा मोबाइल ओळीनं मांडून ठेवले होते. सतराही जणींनी आपापला हॉटस्पॉट सुरू करून दिला होता. गावात कोणाकडे लग्न निघालं की घराघरातून पायली-पायली तांदूळ येतो, तसं त्यांनी घराघरातलं नेट आणून दिलं होतं. सगळ्यांचं नेट त्याच एका टॉवरवरून येतं, त्यामुळे ते असं गोळा होत नसतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. उलट सतरा मोबाइल एकमेकांच्या आड येऊन माझं होतं तेही गेलं होतं.

इथं मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी पाळीवर उभी राहून ओरडले. काही कळत नसेल तर हात कशाला लावता, माझं वर्ष गेलं तुमच्यामुळे, असं बरंच काही. सतरा बाया चिखलात उभ्या राहून वर बघत राहिल्या. खुशबूच्या हातातली पऱ्ह्यांची पेंढी तशीच राहिली.

माय बाजेवरून उठू शकत नव्हती. तिनं आवाजही चढवला नाही.

"त्याइनं आपल्यापाशी होतं ते देलं तुले," ती म्हणाली. "तू काय देलं?"

मग गोदावरीकाकी धुऱ्यावर चढून आली. हात पदराला पुसत पोत्याकडे गेली आणि शांतपणे विचारलं, "मंग बंद करून देऊ का? बंद केल्यानं होते का काम?"

होईल, मी म्हणाले. थोडं तरी होईल. तिनं एकेक मोबाइल उचलला, बंद केला आणि परत ठेवला. सतरा वेळा. तलावाच्या तुडुमाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दाराशी, बसलेले पुंडलिकमामा हे सगळं ऐकत होते. ते उठले आणि सायकल घेऊन गावाकडे गेले. पंधरा मिनिटांनी मारुतीच्या देवळावरचा भोंगा खरखरला.

"मी पुंडलिक बोलून राहिलो. उषाबाईच्या पोरीचा पेपर हाय. पाच वाजेपर्यंत सगळ्याइनं मोबाइल बंद ठेवा."

पेपर नव्हता हे मामांना चांगलं ठाऊक होतं. नंतर मी विचारलं तर म्हणाले की अणू म्हटलं असतं तर लोक घाबरून उलट फोन लावत बसले असते.

नेट सुधारलं. ते भोंग्यामुळे की शनिवारची दुपार म्हणून, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी मानते ते मानते. फोटो मिनिटाला एक यायला लागले. पण डाग तोच. तीन वाजले होते, आणि आता नेटला दोष देण्याचीही सोय उरली नव्हती.

मी खाली पाहिलं ते काही शिकायला नाही, लॅपटॉप बघवेना म्हणून. बांधीत गाणी थांबली होती. मोबाइल बंद झाल्यावर काही वेळ बाया मुक्यानंच लावत होत्या. मग गोदावरीकाकीनं रोवणीचं जुनं गाणं उचललं आणि बाकीच्यांनी अडखळत साथ धरली. खुशबू पुन्हा पुढं निघाली. मायनं तिला नावानं हाक मारून ओळीबाहेर काढलं आणि पेंढ्या वाहायला लावलं. खुशबू हसत बाहेर आली. तिची जागा मोकळी पडली. मला वाटलं, आता दोघी सरकून ती भरतील आणि ओळ भराभर पुढं जाईल.

"आता घाई नोका करू," माय म्हणाली. "दोन हात सावकाश जाऊ द्या. मंग आपोआप जमन."

आणि खरोखर त्या सावकाश झाल्या. शेजारच्या दोघी थोड्या पसरल्या, त्यांच्या शेजारच्या थोड्या, अशी ती मोकळी जागा ओळीभर वाटली गेली. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग सोळा हात एकदम खाली जाऊ लागले आणि एकदम वर येऊ लागले. मागं मागं सरकणारी ती ओळ दोरी लावल्यासारखी सरळ झाली.

खेड्यातल्या शेतात बसल्या बसल्या विज्ञानाचं कोडं सुटल्याच्या गोष्टी मला आवडत नाहीत. माझे अणू गात नाहीत, आणि बाया अणू नसतात. चपळ ते बाहेर काढायचं हे मला माहीतच होतं. ते तर मी पाच वर्षं करत होते. उरलेल्यांना ऊब वाटून घ्यायला वेळ द्यावा लागतो, हेही पुस्तकात पहिल्या दहा पानांत येतं. पण शेवटच्या टप्प्याला मी वेळ किती देत होते? सव्वा सेकंद. सव्वाच का? कारण पेटीत चुकून उरलेले हवेचे कण आमच्या अणूंना धडकून उडवून लावतात, आणि आमचे अणू जेमतेम बारा सेकंद टिकतात. म्हणून घाई करायची. बारा हा आकडा कोणी मोजला? माझ्या आधीच्या विद्यार्थ्यानं, दोन वर्षांपूर्वी, भिंतीवर चिकटवलेल्या एका कागदावर. मार्चमध्ये आम्ही पेटीतली हवा काढणारा पंप बदलला होता. त्यानंतर मी तो आकडा पुन्हा मोजला नव्हता. मोजायला एक दुपार लागते, आणि दुपार घालवायला माझ्याकडे धीर नव्हता.

मी भूपेंद्रला फोन केला आणि म्हटलं, अणू थंड करू नकोस, नुसते धरून ठेव. दहा सेकंद, मग वीस, मग चाळीस. दर वेळी फोटो. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. दोन तास उरलेले असताना मी अणू नुसते धरून बसले होते. पण फोटो येत गेले. अणू बारा नाही, चाळीस सेकंद टिकत होते. सगळी घाई मी न आलेल्या संकटापायी करत होते.

शेवटचा टप्पा तीन सेकंदांचा केला. डाग छोटा झाला, पण गडद झाला. चार केला, आणखी गडद. चार वाजून दहा मिनिटांनी पाच सेकंद दिले. फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यानं उतरू लागला. आधी कोरी चौकट. मग धूसर कडा. मग बरोबर मधोमध, त्या धूसरपणात, एक काळाभोर लहानसा ठिपका. गोल नाही, लांबट. धानाच्या दाण्यासारखा आडवा.

"उर्वशी," भूपेंद्र फोनवर हळूच म्हणाला, "तुला पण दिसतंय ना?"

दिसत होतं. पण डोळ्यांवर विश्वास ठेवणारी मी नाही. सापळ्यातून मोकळा सोडल्यावर साधा वायू सगळीकडे सारखा पसरून गोल होतो. एकरूप झालेले अणू तसं करत नाहीत. ते ज्या बाजूनं जास्त दाबलेले असतात त्या बाजूनं जास्त पसरतात, म्हणजे आडवा दाणा उभा व्हायला हवा. आम्ही पुढच्या खेपेत त्यांना सोडल्यावर जरा थांबून फोटो काढला. दाणा उभा होता. पाच वाजेपर्यंत आम्ही बावीस वेळा केलं आणि बावीसही वेळा उभा होता. मग भूपेंद्रनं यंत्र बंद केलं.

मी पाळीवरून उतरले तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. रोवणी संपली होती. दोन्ही एकर हिरवे झाले होते, आणि बाया पाटाच्या पाण्यात पाय धूत होत्या. मी लॅपटॉप धरून एकेकीला दाखवला. खुशबू म्हणाली, एवढासाच? गोदावरीकाकीनं मात्र चिखलाचा हात न लावता, मान वाकडी करून, बराच वेळ पाहिलं. मी तिच्या पाया पडले आणि दुपारच्या बोलण्याची माफी मागितली. तिनं पाठीवर थाप मारली. माझ्या कुर्त्यावर पाच बोटं उमटली, आणि तो कुर्ता मी पुढं कितीतरी दिवस धुतला नाही.

"आता कुठं हाय ते?" मायनं विचारलं.

"नाही राहिलं, माय. फोटो काढला का विस्कटून जाते."

"मंग?"

"मंग पुन्हा करा लागते."

तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. रोवणीही दर साल नव्यानंच करावी लागते, म्हणाली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मी त्यांना इतकं आनंदात कधी ऐकलं नव्हतं. सोमवारी ये, लेख लिहायला बसू, म्हणाले. मी म्हटलं, अकरा दिवस नाही येता येणार. कशासाठी, त्यांनी विचारलं. सतरा बाया अकरा घरांतल्या होत्या, आणि माय उठू शकत नव्हती. माझ्याशिवाय वाकायला घरात कोणी नव्हतं. इर्जिक म्हणजे काय हे मी त्यांना सांगितलं, मोबाइलचंही सांगितलं. प्रबंधात आभाराच्या पानावर सतरा नावं घालायची आहेत, हेही सांगून टाकलं. सर म्हणाले, नावं जरूर घाल, पण आधी फेड करून ये. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जी काही अढी होती ती त्या वाक्यासरशी गेली.

पहिले चार दिवस माझे हाल झाले. पहिल्या दिवशी मी हिरिरीनं पुढं गेले आणि गोदावरीकाकीनं मला ओळीबाहेर काढून खुशबूबरोबर पेंढ्या वाहायला लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम हळू गेले आणि इतकी मागं पडले की पुन्हा बाहेर. चौथ्या दिवशी काकीनं नुसती बोटानं वाट दाखवली आणि मी आपण होऊन पेंढ्या उचलल्या. पाचव्या-सहाव्या दिवशी कधी राहिले, कधी निघाले. कंबर धरून मी घरी यायची, माय बसल्या जागेवरून तेल चोळायची. खुशबू रोज येऊन विचारायची की तुझ्या त्या अणूंची पण कंबर दुखते का.

नवव्या दिवशी गोदावरीकाकीची बांधी होती. मोबाइल घरीच ठेवले होते, कोणी न सांगता. गाणं सुरू झालं आणि मीही म्हणत होते, कारण एव्हाना ते मला येत होतं. रोवणीत बाई मागं मागं सरकते आणि लावलेलं सगळं तिच्या डोळ्यांपुढं राहतं. कधी तरी माझ्या टाचा धुऱ्याला लागल्या आणि मी मान वर केली. बांधी भरली होती. मला कोणी बाहेर काढलं नव्हतं.

समोर वीतभर अंतरावरच्या सरळ ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या. त्यातले माझ्या हातचे पऱ्हे कोणते ते मी शोधू लागले. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. सापडले नाहीत.